झाकणाचा वायसर

आईची नोकरी त्या मोटारसायकलवर टिकून होती. लहानपणी हे मला कोणी सांगितलं नाही, पण घरातली प्रत्येक सकाळ तेच सांगायची. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, घमापुरात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. आई अंधारातच उठून सिगडी पेटवायची, ज्वारीच्या भाकरी थापायची, आणि तिसरी-चौथी भाकर तव्यावर असताना बाबा गाडी ओट्यावरून खाली उतरवायचे. मग घरात एक विचित्र शांतता यायची. आईचा हात भाकरीवरच थांबायचा. बाबा आधी किक हळूच दोनदा दाबायचे, इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायला, आणि तिसऱ्यांदा जोरात. गाडी धडधडली की आई भाकर उलटायची. धडधडली नाही तर ती भाकर हमखास करपायची. आई नर्सबाई होती, तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे डुंगरिया नावाच्या गावातल्या उपकेंद्रात. तिथे जाणारी बस कधी यायची, कधी यायची नाही. बाबा तिला गाडीवर तिकडे सोडून परत यायचे आणि आठच्या भोंग्याला फॅक्टरीच्या गेटात असायचे. ते तिथे फिटर होते. रोज सकाळी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच. आई परत यायची तेव्हा तिच्या पांढऱ्या लुगड्यावर धूळ बसलेली असायची आणि पिशवीत कोणी दिलेली वांगी किंवा मोहाची फुलं.

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. छावणीतला एक साहेब बदली होऊन दक्षिणेत चालला होता, त्याच्याकडून बाबांनी घेतली. तिच्या मीटरात पाच आकडे मावायचे. आमच्या दारात तो मीटर एकदा सगळे नऊ दाखवून शून्यावर आला, त्या दिवशी बाबांनी कोपऱ्यावरून खव्याची जिलेबी आणली. "साहेबाच्या हातात एकदा, आपल्या हातात एकदा," ते आईला म्हणाले. "आता तिसऱ्यांदा पाहू." आईने विचारलं, "अन् इंजिन?" बाबा म्हणाले, "इंजिनला आकडे कुठं माहीत असतात? त्याला तेल माहीत असते."

तेलाचं त्यांना वेड होतं. जुनी गाडी बंद पडण्याआधी बरेच दिवस सांगत असते, असं त्यांचं म्हणणं, आणि तेल ही तिची पहिली भाषा. रविवारी सकाळी अंगणात जुनं पोतं अंथरलं जायचं. खालचा नट उघडून काळं तेल परातीत उतरवायचे, बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायचे आणि उन्हात धरायचे. तेलात बारीक चकाकी दिसली तर आत काहीतरी झिजतंय. मग चेन काढून रॉकेलमध्ये भिजत घालायची, ब्रशने प्रत्येक कडी घासायची, कोरडी झाली की तेल लावायचं. क्लचची वायर शेवटाला उसवतेय का ते बघायचं. एकही तार तुटलेली दिसली की वायर बदलून टाकायची, तुटेपर्यंत वाट बघायची नाही. चाकाच्या तारा पेन्सिलीने वाजवत जायच्या, आवाज ढब निघाला ती तार सैल. हे पेन्सिलीचं काम माझं. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आतून पाटवडीच्या रश्श्याचा वास यायचा, आई दोन हाका मारायची, तिसरी मारायची नाही. आम्ही रॉकेलच्या हातांना राख आणि साबण लावून जेवायला बसायचो, तरी पहिल्या घासाला रॉकेलचा वास असायचाच. आज माझ्याकडे चारचाकी आहे, ती कंपनीच्या दुकानात सोडून यायची आणि फोन आला की आणायची. काही वाईट नाही त्यात. पण दर रविवारी दुपारी पाटवडी केली की मी बोटं नाकाशी नेते. ते का, हे माझ्या सुनेला सांगायचं राहून गेलंय.

मी बी.एस्सी.ला गेले त्या वर्षी बाबांनी एकेक काम माझ्याकडे सोपवायला सुरुवात केली. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मी बघायची, कार्बोरेटरचा बारीक जेट मी फुंकायचा. "तुझी बोटं पातळ आहेत," ते म्हणायचे. मला अभिमान वाटायचा. एके दिवशी मी प्लग आणायला ओमतीला इस्माईल चाचांच्या गॅरेजवर गेले. बाबांना न जमलेली कामं तेच करायचे, वर्षातून फार तर एकदा. प्लग कागदात गुंडाळता गुंडाळता ते बाबांबद्दल म्हणाले, "बिटिया, मेश्रामजी पिछले हफ्ते आए थे। पाना बगल में पड़ा था, हाथ से टटोलकर उठाया। चश्मे का नंबर बढ़ा क्या?" मी म्हटलं, "चश्मा तो लगाते ही नहीं।" चाचांनी कागद माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. घरी आल्यावर मी नीट बघायला लागले. बाबा समोरचं सगळं बघायचे. वर्तमानपत्र वाचायचे, सुईत दोरा ओवायचे. पण ताटाच्या बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लागून सांडायचा. दारातून आत येताना खांदा चौकटीला घासायचा. त्यावर ते हसायचे, आणि आई लगेच फडकं आणायची.

मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी दोघं पायी आले, बाबा गाडी ढकलत. आईचं कोपर सोललेलं, लुगड्याला फाट. "गाय आली मधी," आई म्हणाली आणि हळद लावायला आत गेली. बाबांनी गाडी ओट्यावर चढवली आणि किती तरी वेळ वाकलेल्या पायटेकाला हात लावून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा घेतली. सकाळी मला म्हणाले, "शोभा, चल, मैदानात."

"कशाला?"

"माझा खांदा दुखून राहिला. गाडी शिकून घे. तुझ्या मायला सोडायला कामी येईल."

मी पाच फूट एक इंच. त्या गाडीवर माझा एकच पाय जमिनीला टेकायचा. बाबांनी मला पहिले तीन दिवस किक मारूच दिली नाही. गाडी नुसती धरायची, कलली की सावरायची, पडली की एकटीने उचलायची. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांच्या जोरावर. चौथ्या दिवशी इंजिन सुरू झालं. आठवड्याभरात मी मैदानाला फेऱ्या मारू लागले. बाबा मधोमध उभे राहून माझ्याकडे न बघता ऐकायचे आणि ओरडायचे, "गियर उतरव, दमून राहिली ती!" मोहल्ल्यात बोललं जायचं ते बोललं गेलं. एका काकूंनी आईला विचारलं, "नर्सबाई, पोरीचं लग्न नाही का करायचं?" आई म्हणाली, "करायचं ना. गाडीवरच पाठवू सासरी." माझं लायसन आलं आणि जानेवारीपासून आईला डुंगरियाला मी सोडू लागले. माझं कॉलेज अकराचं होतं. बाबा शेजारच्या तिवारीजींच्या सोबतीने पायी फॅक्टरीत जायला लागले. खांदा काही बरा झाला नाही आणि कोणी त्याची चौकशीही केली नाही.

आता मुख्य गोष्ट. उन्हाळा लागला तसं टाकीच्या झाकणातून पेट्रोल पाझरायला लागलं. झाकणाच्या आत बुचाची एक जुनी कडी होती, ती चुरा होऊन गेली होती. बाबा म्हणाले, "ट्यूबचा वायसर कापून टाक." मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, झाकण त्यावर ठेवून खडूने गोल आखला आणि कात्रीने असा सुरेख कापला, की बाबांनी तो हातात घेऊन कडेकडेने बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा. मशीनवर कापल्यासारखा." मी तो झाकणात बसवला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल एक थेंब सांडलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी डुंगरियात लशी टोचायच्या होत्या. त्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून बाया पोरांना कडेवर घेऊन चालत यायच्या, काही तर दोन-दोन तास. आम्ही शहरातल्या दवाखान्यातून बर्फाचा डबा घेतला, त्यात लशींच्या बाटल्या. बर्फ आहे तोवर लस चांगली. आईने डबा मांडीवर घेतला, ओलं पोतं भोवती गुंडाळलं. वाटेत टाकी पूर्ण भरून घेतली. पूल ओलांडून सात-आठ किलोमीटर गेलो आणि गाडीने दोन आचके दिले. मी गियर उतरवला. आणखी एक आचका, आणि ती बंद झाली. सकाळचे सात वाजले असतील, पण ऊन तापायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना पळस आणि खडकाळ जमीन, बाकी काही नाही.

आई उतरून एका बाभळीच्या सावलीला डबा घेऊन बसली. "बस येईल का?" मी विचारलं. "बुधवारची भरवशाची नाही," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण तिने डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि चटकन लावलं.

बाबांनी शिकवलेला क्रम मी मोठ्याने बोलायला लागले. आधी करंट. प्लग काढला, इंजिनावर टेकवून किक मारली. निळी ठिणगी पडली. करंट ठीक. मग पेट्रोल. टाकीतून कार्बोरेटरला जाणारी नळी काढली. टाकी काठोकाठ भरलेली, पण नळीतून चार थेंब पडले आणि थांबले. कचरा अडकला असेल म्हणून मी नळी फुंकली, मोकळी होती. पुन्हा दोन थेंब. मला रडू यायला लागलं. टाकीत बघावं म्हणून मी झाकण फिरवलं, तर ते निघेना. जोर लावून उघडलं तेव्हा आत हवा शिरल्याचा सुस्स असा लांब आवाज झाला आणि माझ्या पायावर नळीतून पेट्रोलची धार लागली.

मी तशीच उभी राहिले. धार वाहत होती आणि मला बंद करायचं सुचेना. आईने हाक मारली तेव्हा मी पेट्रोलचा कॉक फिरवला आणि झाकण उलटं करून पाहिलं. झाकणाच्या मध्यावर हवा आत यायला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा यावी लागते, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. जुनी बुचाची नुसती कडी होती, मधे मोकळी. मी कापलेला सुरेख वायसर पूर्ण गोल होता, आणि पेट्रोलमध्ये फुगून त्या छिद्रावर घट्ट बसला होता.

"आई, मीच केलं हे," मी म्हटलं.

"काय केलं?"

मी दाखवलं. आईला गाडीतलं काही कळत नसे, पण हे तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं. सलाईनची बाटली लावताना ती तिच्यात हवेसाठी दुसरी सुई टोचायची. तिने पिशवीतून स्टीलची डबी काढली, त्यातली सगळ्यांत जाड सुई निवडली, वायसर मांडीवर धरला आणि मधोमध सात-आठ छिद्रं पाडली. मग कात्रीच्या टोकाने तेवढा भाग कोरून काढला. "ही सुई आता माणसाला चालायची नाही," ती म्हणाली आणि ती कागदात गुंडाळून वेगळी ठेवली.

मी झाकण लावलं, नळी जोडली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पण आई लगेच बसली नाही.

"हा वायसर बाबांनी पाह्यला होता ना?" तिने विचारलं.

"हो."

"हातानं पाह्यला असेल. काठ-काठ."

आई गाडीच्या आवाजात, दुसरीकडे बघत बोलत होती. "गाय मधी आली नव्हती, शोभा. ती डाव्या बाजूनं चालून येत होती, मी लांबून पाहून राहिली होती. मला वाटलं यांना दिसली. ते सरळ गेले. समोरचं दिसते त्यांना, बाजूचं नाही. बरेच दिवस झाले."

"तू काहून नाही बोलली?"

"बोलले असते तर त्यांनी गाडी सोडली असती. गाडी सोडली की माझी नोकरी सुटेल, हे त्यांच्या डोक्यात. म्हणून ते बोलत नव्हते. अन् त्यांना वाईट वाटेल म्हणून मी. तू काहून नाही बोलली?"

आम्ही तिघांनी तीन बाजूंनी एकच गोष्ट धरून ठेवली होती, एकमेकांना लागू नये म्हणून. आई मागे बसली, डबा मांडीवर घेतला. डुंगरियाला पोचलो तेव्हा मोहाच्या झाडाखाली बायांची रांग बसलेली होती आणि डब्यात अजून बर्फाचे खडे होते. आईने त्या दिवशी एकही पोर परत पाठवलं नाही. मी कॉलेजला गेले नाही. कापसाचे बोळे करून देत बसले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा ओट्यावर लसूण सोलत होते. मी झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आत बोट घातलं. कडेने फिरवलं, मग मधे आणलं. आईने पाडलेली वेडीवाकडी जागा लागली तिथे बोट थांबलं. ते हुशार कारागीर होते. कोणी सांगायची गरज पडली नाही.

"कुठं बंद पडली?"

"पुलाच्या पुढं. सात-आठ किलोमीटरवर."

"अन् लस?"

"पोचली. आईनं सुईनं भोक पाडलं."

बाबांनी आईकडे मान वळवली. मग लसणाचं ताट बाजूला सारलं. "पोरीची चूक नाही," ते म्हणाले. "मी पास केलं होतं ते. न पाहता पास केलं. चाचपून पाहायची सवय लागली आता. मला दिसत नाही बाजूचं. हे असं..." त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांच्या दोन बाजूंना, घोड्याच्या झापडांसारखे धरले. "एवढंच दिसते. सांगायला पाहिजे होतं. तू पडली त्या दिवशीच."

आई म्हणाली, "मलाही विचारायला पाहिजे होतं." आणि ती त्यांच्याजवळ बसून लसूण सोलायला लागली. एवढंच झालं. मला वाटलं होतं घर हलेल. घर हललं नाही. उलट रात्रीच्या जेवणाला बाबांनी दोनदा भात मागितला. पेला आईने त्यांच्या अगदी समोर ठेवला, आणि तो सांडला नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढून बाजूची नजर हळूहळू मरत जाते, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलं ते थेंब घालून सांभाळता येईल, जन्मभर, एकही दिवस न चुकवता. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर सांभाळायला काही उरलं नसतं, असंही ते म्हणाले. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "साहब, सुबह छह और शाम छह, चलेगा?" पुढची सव्वीस वर्षं त्यांनी ती वेळ चुकवली नाही. त्या उरलेल्या नजरेत त्यांनी माझं लग्न पाहिलं, आईची निवृत्ती पाहिली, माझ्या लेकीचं पहिलं अक्षर पाहिलं. गाडीचा मीटरही तिसऱ्यांदा शून्यावर आलेला पाहिला, नाक काचेला लावून. फॅक्टरीने त्यांना बसून करायचं काम दिलं. मी पुढे पॉलिटेक्निकात शिकवायला लागले. पोरापोरींना इंजिन उघडून दाखवताना दर वर्षी मी स्वतःच्या चुकीची ही गोष्ट सांगायचे, आणि मनातल्या मनात त्या रबराच्या तुकड्याचे आभार मानायचे. नीट कापला असता तर आम्ही तिघंही समजूतदारपणे गप्प राहिलो असतो आणि बाबा आंधळे झाले असते.

त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना बाबा पहिल्यांदाच माझ्या मागे बसले. त्यांना हात कुठे ठेवायचे कळेना. शेवटी त्यांनी ते स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "मागून वेगळीच ऐकू येते ही." मग म्हणाले, "चलो, ग्वारीघाटला घे." दुपार होती. घाटावर फुलवाल्या डुलक्या घेत होत्या, नर्मदेचं पाणी उन्हात पांढरं झालं होतं. आम्ही वरच्या पायरीवर बसलो. बाबांनी मान पूर्ण डावीकडे नेली आणि मग अगदी हळू उजवीकडे आणत गेले, वाटेत थांबत, जसं कोणी लांब भिंतीवरचं लिहिलेलं वाचावं तसं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायला त्यांना बराच वेळ लागला. मी घाई केली नाही.

"पलीकडे नाव चालली ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन माणसं आहेत."

"तीन आहेत, बाबा."

त्यांनी मान थोडी सरकवली, परत मागे आणली, आणि थांबले.

"हो, तीन," ते म्हणाले. "एक मागं बसला आहे."